नवा पंतप्रधान आणि लोकमन : १९९१ ची उजळणी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



‘राष्ट्राचा नवा नेता आणि जनतेच्या अपेक्षा’ हा विषय कार्यकारिणीने आम्हांस सुचविला, तेव्हा आम्ही थोडे बिचकलो. आम्ही केंद्र शासनाचे नोकर. सत्तास्थानी असलेल्यांची जाहीर चिकित्सा करणे आमच्या आचारनियमांत बसत नाही, आणि निवृत्ती जवळ आली असताना ते बसवून पाहण्याची आम्हांस हौसही नाही. तेव्हा इतिहासजमा झालेला एक नेता आम्ही निवडला आहे. २१ जून १९९१ रोजी पंतप्रधानपदाची शपथ घेणारे पी. व्ही. नरसिंहराव. त्या वर्षी आम्ही नुकतेच शासकीय सेवेत रुजू झालो होतो आणि आपले मंडळही जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे होते. त्यामुळे त्या दिवसांची आठवण या सभागृहातील पुष्कळांना असेल.

तो काळ प्रथम डोळ्यांपुढे आणावा. १९८९ च्या डिसेंबरपासून दीड वर्षात देशाला मिळालेले हे तिसरे पंतप्रधान. मंडल आयोगावरून पेटलेले रस्ते, अयोध्येच्या प्रश्नावरून तापलेली मने, आखाती युद्धामुळे महागलेले तेल, आणि या साऱ्यावर कळस म्हणजे २१ मे रोजी श्रीपेरुंबुदूर येथे झालेली राजीव गांधींची हत्या. मतदानाच्या उरलेल्या फेऱ्या जूनपर्यंत पुढे ढकलल्या गेल्या. निकाल लागले, तर काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष खरा, परंतु बहुमताला तोकडा.

आणि अशा वेळी पुढे आले कोण? सत्तरीला टेकलेले, आदल्याच वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झालेले आणि ती निवडणूक लढविलीच नसल्यामुळे कोणत्याही सभागृहाचे सदस्य नसलेले एक गृहस्थ. दिल्लीतील आवराआवर करून हैदराबादला परतण्याच्या तयारीत ते होते, हे सर्वश्रुत होते. लोकांना शंका आली नसती तरच नवल. कचेऱ्यांतून आणि आगगाडीच्या डब्यांतून एकच बोलणे चाले, की हे सरकार सहा महिने तरी टिकेल काय? नरसिंहराव क्वचितच हसत, त्याहून क्वचित बोलत. पूर्वी आंध्रच्या मुख्यमंत्रिपदावर असताना त्यांनी जमीनसुधारणांचा आग्रह धरला; पुढे मुल्की नियमांवरून ‘जय आंध्र’ चळवळ उसळली आणि १९७३ च्या जानेवारीत त्यांचे पद गेले. ज्याला एक राज्य सांभाळता आले नाही, तो देश कसा सांभाळणार, असे विचारणारे पुष्कळ होते.

आपल्या मराठी घरांत या शंकेला आणखी एक पदर होता. पंतप्रधानपदासाठी शरद पवारांचे नाव घेतले जात होते. यशवंतरावांना जे मिळाले नाही ते आता एका मराठी माणसाला मिळेल, अशी आशा परप्रांतातल्या मराठी मंडळींनी मनाशी जपली होती. ती मावळली. मग दुधाची तहान ताकावर भागविणे आले. पंतप्रधान मराठी नाहीत, पण मराठी येणारे तरी आहेत! आणि हे ताकही काही पाणचट नव्हते. हैदराबाद संस्थानात वंदे मातरम् चळवळीत भाग घेतल्यामुळे तेथील शिक्षणाचे दार बंद झाले, तेव्हा या तेलुगू तरुणाला आश्रय दिला तो नागपूरने. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि नागपुरास कायद्याचे पदवीधर झाले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा त्यांनी ‘अबला जीवितम्’ या नावाने तेलुगूत अनुवाद केला. बालविधवेच्या दुःखाची ती कथा मुळातून वाचून आपल्या भाषेत न्यावी असे ज्याला वाटले, त्याची मराठीची जाण सभेत दोन वाक्ये बोलून टाळ्या घेण्यापुरती नव्हती. १९८४ साली हनमकोंड्यात ते पराभूत झाले, पण त्याच निवडणुकीत रामटेकने त्यांना लोकसभेत पाठविले, आणि १९८९ मध्ये पुन्हा पाठविले. त्यांच्या मंत्रिमंडळात गृहखाते शंकरराव चव्हाणांकडे आणि संरक्षणखाते पवारांकडे आले, तर लोकसभेच्या अध्यक्षपदी शिवराज पाटील आले. आपल्या माणसांना अभिमानापुरता एवढा मजकूर पुरेसा होता.

परंतु अभिमानाने पोट भरत नाही. देशाच्या तिजोरीत परकीय चलन जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. आधीच्या सरकारच्या काळात, मे महिन्यात, २० टन सोने परदेशी गेले होते. नव्या सरकारने जुलैत आणखी सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण म्हणून पाठविले. वर्तमानपत्रांत ती बातमी फुटली, तेव्हा घराघरांतून जी कळ उठली ती आम्ही विसरू शकत नाही. आपल्याकडे ‘गहाण’ हा शब्द हळू आवाजात उच्चारायचा असतो. पाटल्या गहाण ठेवून मुलाचे शिक्षण करणारी माउली शेजारणीला त्याचा पत्ता लागू देत नाही. येथे तर अवघ्या राष्ट्राच्या पाटल्या विमानाने गेल्या आणि जगाला कळले. अर्थशास्त्र जाणणारे सांगत होते, की कर्ज बुडविण्यापेक्षा तारण ठेवणे अब्रूचे. ते बरोबर होते, आणि ते सोने पुढे सोडविलेही गेले. तथापि त्या जुलैत हा युक्तिवाद स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला नाही.

त्याच महिन्याच्या १ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि दोनच दिवसांनी पुन्हा. या दुसऱ्या अवमूल्यनाची हकीकत पुढे प्रसिद्ध झाली, ती मोठी बोलकी आहे. पहिल्या पावलावर उठलेल्या गदारोळाने पंतप्रधानांचे मन डळमळले आणि ३ तारखेच्या सकाळी त्यांनी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांना पुढचे पाऊल थांबविण्यास सांगितले. अर्थमंत्र्यांनी रिझर्व्ह बँकेचे उपगव्हर्नर रंगराजन यांना दूरध्वनी केला, तर काम उरकून गेले होते! म्हणजे जनतेच्या मनात जी धाकधूक होती ती खुद्द नेत्याच्याही मनात होती. आम्हांस यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. इतका मोठा निर्णय घेताना ज्याचा हात कापत नाही, त्याच्यापासून थोडे दूरच राहावे, असे आमचे मत आहे.

२४ जुलैला अर्थसंकल्प मांडला गेला. त्याच दिवशी, काही तास आधी, नवे औद्योगिक धोरण संसदेपुढे ठेवण्यात आले. उद्योगखाते पंतप्रधानांनी स्वतःकडेच ठेवले होते, पण निवेदन केले ते राज्यमंत्र्यांनी. १८ उद्योग वगळता परवानापद्धती संपली. ज्या क्षेत्रांत केवळ सरकारनेच कारखाने काढावयाचे, ती १७ वरून ८ वर आली. चाळीस वर्षांची व्यवस्था मोडली गेली आणि तिचा डंका मात्र वाजला नाही, कारण दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रे अर्थसंकल्पाने भरली होती. धोरणाच्या प्रारंभी नेहरूंचा वारसाही आवर्जून सांगितला होता. जुन्या चौकटीवरचे तोरण न उतरविता आतली भिंत पाडावयाची, अशी ही कार्यपद्धती. शासकीय टिपणी लिहून हात झिजविलेल्या आमच्यासारख्याला तिचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

लोकांना मात्र भिंत दिसत नव्हती, साखर दिसत होती. साखरेवरचे अनुदान गेले, गॅस आणि पेट्रोल महागले, खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविण्याचा प्रस्ताव आला. ओरड झाल्यावर ही वाढ ३० टक्क्यांवर आणून लहान शेतकऱ्यांना तीतून वगळण्यात आले. ऑगस्टमध्ये भाववाढ १६ टक्क्यांच्या पुढे गेली. गावी शेती पाहणाऱ्या भावाचे पत्र आले की त्यात खताचा भाव पहिला असे. भिलाई, बोकारो, राउरकेला, भोपाळ येथल्या सरकारी कारखान्यांच्या वसाहतींत आपली किती तरी कुटुंबे होती. कारखाना विकतील काय, मुलाला येथे चिकटविता येईल काय, हे प्रश्न गणेशोत्सवाच्या मांडवातही निघत. ती शंका पोकळ नव्हती. सरकारी कारखान्यांत बापामागून मुलगा लागण्याचे दिवस पुढे खरोखरच सरले. त्याच धोरणामुळे बंगळूर-पुण्याच्या नव्या कंपन्यांत ज्यांची मुले गेली ते नरसिंहरावांना दुवा देतात, आणि ज्यांचे कारखाने थंडावले ते देत नाहीत. दोघांचेही म्हणणे ऐकून घ्यावे लागते.

सहा महिन्यांची बोली झालेले ते सरकार पुरी पाच वर्षे चालले. नोव्हेंबरात नंद्यालच्या पोटनिवडणुकीत नरसिंहराव पाच लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. तेलुगू माणसाच्या मानासाठी एन. टी. रामाराव यांच्या पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही. वय, प्रकृती, अबोलपणा, अल्पमत या ज्या शंका लोकांनी घेतल्या होत्या, त्या अशा एकेक करून फिटल्या.

आता जी शंका फारशी कोणी घेतली नाही तिच्याकडे वळू. अनेक भाषा जाणणारा, परराष्ट्र, गृह, संरक्षण अशी सर्व महत्त्वाची खाती सांभाळलेला, संस्कृतीचा जाणकार माणूस अयोध्येच्या प्रश्नातून काहीतरी वाट काढील, ही १९९१ मधील सर्वांत निर्धास्त आशा होती. त्यांच्यावर टीका करणारेही एवढे गृहीत धरून चालत. आणि नेमके तेथेच तडा गेला. उत्तर प्रदेशाच्या सरकारने सर्वोच्च न्यायालयाला आणि राष्ट्रीय एकात्मता परिषदेला दिलेल्या आश्वासनांवर केंद्र सरकार विसंबून राहिले आणि ६ डिसेंबर १९९२ रोजी बाबरी मशीद पाडली गेली. राज्यघटनेने हात बांधलेले होते, असे त्यांचे समर्थन. वेळीच पाऊल उचलले नाही, असा त्यांच्यावरील आरोप. आमचे मत विचाराल तर, ज्या संयमाने जुलै १९९१ मध्ये देशाला तारले, त्याच संयमाने डिसेंबर १९९२ मध्ये घात केला. त्यानंतर मुंबई पेटली, डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत. मार्चमध्ये बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली. माहीम, भायखळा, परळ येथे ज्यांचे नातलग होते ते लोक त्या दिवसांत एस.टी.डी. बूथपुढे रात्री उशिरापर्यंत रांगेत उभे असत.

ही शंका आधी घेण्यास काही आधार होता काय? होता. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा देशाचे गृहमंत्री नरसिंहरावच होते. १९९१ साली त्यांच्या वयाची आणि हृदयाची चर्चा गल्लोगल्ली झाली; त्या तीन दिवसांची मात्र, पीडितांची घरे वगळता, क्वचितच झाली. नव्या नेत्याला आपण वय विचारतो, जात विचारतो, भाषा विचारतो, किती दिवस टिकणार तेही विचारतो. कठीण प्रसंगी यापूर्वी आपण काय केले, हे त्यांना किती जणांनी विचारले?

२००४ च्या डिसेंबरात ते दिल्लीत निवर्तले आणि अंत्यसंस्कार हैदराबादेत झाले. दिल्ली सोडताना त्यांचे पार्थिव त्यांच्याच पक्षाच्या मुख्यालयाच्या फाटकाबाहेर काही वेळ थांबले. आत नेले गेले नाही. २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. हे दोन्ही निवाडे दुसऱ्यांनी केलेले आहेत आणि त्यांवर बोलण्यास आमचे आचारनियम पुन्हा आड येतात.

या सभेत असे ज्येष्ठ सभासद आहेत, ज्यांनी १९९१ साली याच गावी संसार चालविला, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत नोकऱ्या केल्या. त्या जुलैत त्यांच्या घरी काय बोलले गेले ते त्यांनी आता सांगावे. आम्ही आपली जागा घेतो.