मेंढा-लेखाचे रान

(ग्रामपंचायत सदस्य व प्राथमिक शिक्षक यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



रान पाहावयास जाणाऱ्यांचे साधारणतः दोन वर्ग आढळतात. काही जण सुट्टीच्या दिवशी हिरवळ, पाणी आणि मोकळी हवा यांच्या ओढीने जातात. काही जण वन्य प्राणी दृष्टीस पडावेत म्हणून अभयारण्याची वाट धरतात. दोन्ही हेतू चांगलेच आहेत. परंतु ज्यांच्याकडे गावाचा कारभार आहे आणि ज्यांच्या वर्गात उद्याचे ग्रामस्थ बसलेले असतात, त्यांनी रान पाहताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. हे रान कोणाच्या निर्णयाने उभे आहे, ही ती गोष्ट होय. झाडे डोळ्यांना दिसतात, निर्णय दिसत नाहीत. ते विचारून, ऐकून आणि समजून घ्यावे लागतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाचे रान या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

वाटेवरचा मुलूख

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वनक्षेत्रात मोडतो. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले की मेंढा लागते. शेजारच्या लेखा गावावरून त्याला मेंढा-लेखा असे म्हणतात. वस्ती गोंड समाजाची असून घरे शंभराच्या आसपास आहेत.

या वाटेवर रान एकदम सुरू होत नाही. प्रथम लागतात ती धानाची शेते. सखल भागात बांध घातलेल्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, बांधावर राखलेली मोहाची झाडे आणि त्यांच्या पलीकडे हळूहळू दाट होत जाणारी झाडी, असा हा क्रम आहे. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत उतारावरील रानातून झिरपत आलेले पाणी या बांध्यांना मिळते. रानातील पालापाचोळा पावसाचा मारा अंगावर घेतो व माती जागेवर राहते. ती वाहून आली असती, तर बोड्या गाळाने भरल्या असत्या. शेत आणि रान यांची खाती सरकारी दप्तरात वेगळी असली, तरी जमिनीवर ती एकच आहेत, हे या भागातील कोणताही शेतकरी सांगेल.

मेंढ्याच्या वाट्याचे वन सुमारे १,८०० हेक्टर आहे. जवळूनच कठाणी नदी वाहते. वन पानगळीचे आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू, चार, आवळा, हिरडा ही त्यातील परिचित झाडे असून त्यांच्या जोडीला बांबू आहे. उन्हाळ्यात हे रान उघडे व रुक्ष दिसते. नवख्या माणसाची त्यामुळे निराशा होते. पण गावाच्या दृष्टीने हाच सुगीचा काळ असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, त्यानंतर चारोळी येते, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी होते, आणि पावसाच्या तोंडाशी मोहाच्या फळांतील बियांपासून तेल काढले जाते. घरातील धान्य संपत आलेले असते, अशा नेमक्या दिवसांत रान हाती काही देते.

बांबूचे बेट

वनाचा कारभार कसा चालतो हे समजण्यासाठी बांबूच्या एका बेटासमोर अर्धा तास उभे राहिले तरी पुरे. बांबूचा कोंब पावसाळ्यात जमिनीखालील कंदातून वर येतो आणि एकाच हंगामात पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंचीने वा जाडीने वाढत नाही, केवळ पक्व होत जातो. तो कामास योग्य होण्यास तीनएक वर्षे लागतात. नवे कोंब साधारणतः बेटाच्या बाहेरच्या कडेने फुटतात. जुने, पक्व बांबू आतल्या बाजूस राहतात. म्हणून तोडणीचा नियम असा की, चालू वर्षाच्या व गेल्या वर्षाच्या बांबूंना हात लावावयाचा नाही, पक्व बांबू जमिनीलगत, पण पेर राखून तोडावयाचा आणि पावसाळ्यात तोड बंद ठेवावयाची.

नियम सोपा आहे, पाळणे मात्र कष्टाचे आहे. नगावर मजुरी मिळणाऱ्या तोडणाऱ्याला कडेचा कोवळा बांबू सहज हाती येतो. आतला पक्व बांबू काढण्यास वेळ लागतो, अंग खरचटते. कडेचे बांबू उंचावरून तोडले गेले, की खाली राहिलेल्या ठुंठांची दाटी होते, बेट गुदमरते आणि काही वर्षांत निकामी होते. दूरच्या ठेकेदाराला त्याचे सोयरसुतक नसते, कारण पुढच्या फेरीला तो येथे असेलच असे नाही. ज्यांच्या घरांच्या भिंती, कुंपणे, टोपल्या, सुपे आणि कणग्या या बेटांवर अवलंबून आहेत, त्यांना मात्र पुढच्या फेरीचीच काळजी असते. तोडणीवर देखरेख कोणाची, या प्रश्नाचे उत्तर बेटाच्या बुंध्याशी वाचता येते.

निर्णयाची रीत

मेंढ्यात ही जाणीव एका दिवसात आली नाही. इचंपल्ली व भोपालपट्टनम येथील प्रस्तावित धरणांविरुद्ध १९८० नंतरच्या दशकात या भागात मोठे आंदोलन झाले. त्यातून आपल्या परिसराविषयी आपणच विचार केला पाहिजे, ही भावना अनेक गावांत रुजली. मेंढ्याने ती नित्याच्या व्यवहारात आणली. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि बाहेरून साथ देणारे मोहन हिराबाई हिरालाल यांचा त्यात मोठा वाटा आहे.

गावाने दोन गोष्टींची घडी बसविली. पहिली म्हणजे अभ्यासगट. एखादा विषय निघाला की इच्छुकांनी एकत्र बसावयाचे, जाणकारांना बोलवावयाचे, कायदा वाचावयाचा, प्रश्न विचारावयाचे. अभ्यासगटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, आणि तो बहुमताने न होता सर्वसहमतीने होतो. एकाचाही सकारण विरोध असेल तर विषय पुढे जातो. ही रीत वेळखाऊ आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु वनाच्या बाबतीत निर्णय अंमलात आणणारे कोणी एक नसते. रोज रानात जाणाऱ्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने तो पाळावा लागतो. ज्याचे म्हणणे सभेत डावलले गेले, त्याची कुऱ्हाड रानात कोण अडविणार? म्हणून सहमतीत गेलेला वेळ पुढे पहाऱ्यात वाचतो.

या रीतीने ठरलेले नियम साधे आहेत. फळझाडे तोडावयाची नाहीत. घरगुती गरजेपुरतेच लाकूड घ्यावयाचे. वनावर अतिक्रमण करावयाचे नाही. आग लागू द्यावयाची नाही. गावकऱ्यांनी पाळीने गस्त घालावयाची. बाहेरच्या कोणीही वनात काम करावयाचे तर ग्रामसभेची परवानगी घ्यावयाची. दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्यासाठी होणाऱ्या बांबूतोडीलाही गावाने विरोध केला.

हक्कपत्र आणि परवाना

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ अंमलात आल्यानंतर मेंढ्याने सामूहिक वनहक्काचा दावा दाखल केला. २००९ साली त्यास मान्यता मिळाली. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते.

येथे अधिकारी वर्गाने विशेष लक्ष द्यावे असा एक भाग आहे. या कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात स्पष्टपणे केलेला आहे. तरीही बांबू विकावयाचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देण्याचा अधिकार गावाकडे नव्हता. हक्क गावाचा, पण माल गावाच्या सीमेबाहेर नेता येत नाही, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन राज्यमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक मेंढ्यात येऊन ग्रामसभेच्या स्वाधीन केले. त्यानंतर २०१२ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती होऊन असे परवाने देण्याचे काम ग्रामसभेच्या समितीकडे आले. एका लहान गावाच्या चिकाटीचा लाभ अशा रीतीने इतर गावांनाही झाला. मात्र दरम्यानच्या काळात हक्कपत्र केवळ कागद होऊन राहिले होते, हे विसरून चालणार नाही. कागद देणे आणि त्याचा उपयोग करू देणे ही दोन्ही कामे शासनाचीच आहेत.

भेटीस जाताना

अशा गावास भेट द्यावयाची तर आधी कळवून, गावाच्या सोयीने जावे. रोवणीच्या वा तेंदूपत्त्याच्या दिवसांत गावकऱ्यांना पाहुण्यांसाठी वेळ नसतो. रानात स्थानिक माणसाच्या सोबतीनेच हिंडावे. पूर्व विदर्भातील जंगलांत वाघांचा वावर आहे, त्यामुळे पहाटे व सांजवेळी एकट्यादुकट्याने जाणे धोक्याचे ठरते. प्रश्न विचारताना सरपंचापाशी थांबू नये. मोहफुले वेचणाऱ्या वृद्धेला रानाची जी माहिती असते, ती कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

शिक्षकांना हेच काम आपल्या शाळेच्या परिसरात करता येईल. विद्यार्थ्यांनी गावाचा व भोवतालच्या रानाचा नकाशा काढावा, कोणत्या महिन्यात रानातून काय मिळते याचे कोष्टक आजी-आजोबांना विचारून तयार करावे, एखाद्या बांबूच्या बेटात दर वर्षी किती नवे कोंब आले ते मोजावे. भूगोल, गणित आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा अभ्यास त्यात होतो.

पंचायत सदस्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सामूहिक वनहक्क केवळ आदिवासी गावांपुरता नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, वनावर उपजीविका करीत आलेल्या इतर गावांनाही दावा करता येतो. दाव्याचा प्रारंभ ग्रामसभेतून होतो. त्यानंतर तो उपविभागीय व जिल्हास्तरीय समितीकडे जातो. निस्तारपत्रक, जुने नकाशे, वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदन हे पुरावे ग्राह्य आहेत. हे पुरावे पुष्कळ गावांत आजही उपलब्ध आहेत, पण ते सांगणारी पिढी वृद्ध होत चालली आहे.

मेंढ्याचे रान पाहून परतणाऱ्याने म्हणूनच एवढे तरी करावे. आपल्या गावाचा दावा कोणत्या टप्प्यावर आहे, याची तालुक्याच्या ठिकाणी चौकशी करावी, दावा झालाच नसेल तर पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर तो घ्यावा, आणि गावातील वयोवृद्धांची निवेदने त्यापूर्वीच लिहून घ्यावीत.