तीस टक्क्यांचा अंगठा



ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरमसारख्या वसाहतीत कुणाच्या घरावर मजला चढू लागला की शेजाऱ्यापाजाऱ्यांची तक्रार असते ती धुळीची आणि कटरच्या कर्कश आवाजाची. आज त्या कटरबद्दलच बोलायचं आहे. फरशी कापायच्या या हातयंत्राच्या पात्यावर कारखान्यातून अर्धगोल झाकण बसवून येतं. आखलेली रेघ दिसत नाही, काप खोल जात नाही, म्हणून साइटवर ते बहुधा काढून टाकलेलं असतं. फरशी पायाखाली दाबलेली, एका हातात यंत्र आणि दुसरा हात पात्यापासून वीतभर लांब. पातं अडकलं की यंत्र उसळतं आणि ती वीत संपते. हातमोजे घाला म्हणून सांगून भागत नाही. मोज्याचं टोक फिरत्या पात्यात सापडलं तर मोजाच बोटांना आत ओढतो.

बोट सुटं झालंच तर स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात खुपसायचं नाही, गारठून निकामी होतं. जखमेवर हळद नको, चुना नको. कापडानं दाबून धरा, हात उंच ठेवा आणि जिथे तुटलेलं बोट जोडण्याची सोय आहे अशा रुग्णालयात लगेच न्या.

तिथे पहिला प्रश्न येतो, "कसं लागलं?" उत्तर जखमी माणूस देतच नाही, त्याला घेऊन आलेला ठेकेदार देतो: "घरी लागलं." केस पेपरवर एवढं उतरलं की पुढे महिनोन्‌महिने त्या दोन शब्दांशी भांडत बसावं लागतं. म्हणून कामावर, कोणत्या साइटवर, कोणत्या यंत्रानं लागलं, हे त्याच वेळी लिहून घ्यायला हवं. माझ्या मते सगळ्या प्रकरणात याहून मोलाचा कागद दुसरा नाही.

नुकसानभरपाईचा कायदा १९२३चा. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, पण गाभा तोच. मजूर रोजंदारीचा होता, हजेरीपटावर नाव नव्हतं, या सबबी चालत नाहीत. बिल्डरनं काम ठेकेदाराकडे सोपवलं असलं तरी मजूर बिल्डरकडे भरपाई मागू शकतो; ठेकेदाराकडून वसूल करणं हा बिल्डरचा प्रश्न. आणि घरमालकांनो, ठेकेदाराशिवाय तुम्ही स्वतःच मिस्त्री लावला असेल, तर त्याचे मालक तुम्हीच.

या कायद्याला अवयवांचा एक तक्ता जोडलेला आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात, तर्जनीला १४, करंगळीला ७, अख्खा पंजा गेला तर ६०. तीस वर्षांचा गवंडी, महिना बारा हजार मजुरी: पगाराचे ६० टक्के म्हणजे ७,२००, त्याला वयाचा गुणक २०७.९८. होतात जवळजवळ पंधरा लाख, आणि अंगठ्याचे त्यातले ३० टक्के, म्हणजे सुमारे साडेचार लाख. थापी धरायची ती अंगठ्यानंच. तेव्हा हा ३० चा आकडा बसल्या जागी ठरवलेला वाटतो.

पण तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ओडिशातल्या जेपूर इथे १९६८ साली एका सिनेमागृहाचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे अपंगत्व अंशतःच आहे. भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांनी सांगितलं, एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान १०० टक्के. डिसेंबर १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं आणि भरपाई निकालाच्या नव्हे, अपघाताच्या दिवसापासूनच देणं लागते असंही बजावलं. सात वर्षं गेली, पण पायंडा पडला. म्हणून अर्ज करताना नुसतं डॉक्टरांच्या टक्केवारीवर थांबू नका. पूर्वी कोणती कामं करत होतात आणि आता कोणती होत नाहीत, ते एकेक करून मांडा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर मालकावर १२ टक्के व्याज बसतं, सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंडही. औषधोपचाराचा खर्च वेगळा.

राहता राहिला स्टॅम्पपेपर. वीस-पंचवीस हजार हातावर ठेवायचे, "आता काही मागणं नाही" असं लिहून घ्यायचं आणि उरलेल्या हाताचा अंगठा उमटवून घ्यायचा! असा हक्क सोडून देणारा करार कायद्यानं रद्दबातल आहे. सही झाली असली तरी दावा बुडत नाही. मात्र उशीर करू नका, दाव्याला मुदत असते.

अपंग व्यक्तीला सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा फोन क्रमांक १५१०० आहे. तुमच्या घराचं काम चालू असेल तर तो आजच भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.