संत्र्याची साल आणि आरशाचा मोह

नवी मोटार दारी येते तो दिवस घरात सणासारखा साजरा होतो. पुढे झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना पेढे. बेंगळूरूला स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने वर्षानुवर्षे पैसे साठवून अशीच एक गाडी घेतली आहे, असे समजावे. गाडी साधी नव्हे; दोन दारांची, बुटक्या बांध्याची, गडद लाल रंगाची स्पोर्ट्स कार. रात्री तळघरातील वाहनतळावर तो कुंकू पुसावयास जातो. छताच्या नळीदिव्याचे प्रतिबिंब बॉनेटवर सरळ रेषेत पडलेले असते. दाराशी येताच मात्र त्याच प्रतिबिंबाच्या कडा वाऱ्याने हललेल्या पाण्यातल्यासारख्या थरथरताना दिसतात. तो हात फिरवून पाहतो. हाताला काहीच लागत नाही. परंतु डोळ्याला एकदा लागलेले हे कुसळ काही केल्या निघत नाही.

रंगाच्या धंद्यात या दोषाला ‘ऑरेंज पील’ म्हणतात, म्हणजे संत्र्याची साल. नाव अगदी समर्पक आहे. संत्र्याच्या सालीवर असतात तसेच बारीक खळगे आणि उंचवटे रंगाच्या पृष्ठभागावर राहून जातात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. कारखान्यात रंग ब्रशने लावला जात नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या घंटेच्या आकाराच्या चकतीवरून तो सूक्ष्म थेंबांच्या रूपाने उडतो आणि विद्युतभारामुळे पत्र्याकडे ओढला जातो. थेंब पत्र्यावर पडल्यावर त्यांनी एकमेकांत मिसळून सपाट व्हावे, अशी अपेक्षा असते. रंग फार दाट असेल, थेंब मोठे असतील, किंवा त्यातील द्रावक लवकर उडून गेले, तर सपाट होण्यापूर्वीच रंग आळतो आणि खळगे कायम राहतात.

मग बॉनेट गुळगुळीत आणि दार खडबडीत, हा भेद का? बॉनेट आडवे असते. त्यावर रंग सावकाश पसरू शकतो. दार उभे असते. तेथे रंग अधिक दिला किंवा अधिक वेळ ओला ठेवला, तर त्याचे ओघळ येतात. ओघळ टाळावयाचे म्हणजे थोडी साल पत्करावयाची, असा हा व्यवहार आहे. बंपरची गोष्ट आणखी निराळी. तो प्लॅस्टिकचा असतो आणि पुष्कळदा वेगळ्या ठिकाणी, कमी उष्णतेवर रंगवून मग जोडला जातो. चमकीच्या रंगात ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. ते जसे आडवे-तिरपे बसतील तशी छटा बदलते. त्यामुळे एकाच गाडीचा बंपर आणि पंखा निरनिराळ्या उजेडात दोन रंगांचे भासू शकतात.

हा दोष घासून काढता येतो, हे खरे. गॅरेजवाला तसे लगेच सांगतोही. बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून उंचवटे घासावयाचे आणि मग पॉलिशने चमक आणावयाची. एक काळ असा होता, की हे काम रंगकामाचाच भाग मानले जाई. पूर्वी मोटारींना तेलाचे वॉर्निश लावीत. थरांमागून थर देऊन, ते वाळवून, घासून गाडी तयार होण्यास कित्येक आठवडे लागत. १९२४ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारीवर ‘ड्यूको’ नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला. तो झटपट वाळे, परंतु चमक यावी म्हणून त्यालाही पॉलिश करावेच लागे. त्या काळी घासण्यासाठी रंगाचा थर हाती असे.

आजची रचना वेगळी आहे. पत्र्यावर गंज रोखणारे अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, मग रंग, आणि सर्वांवर एक पारदर्शक थर. ही सर्व पुटे मिळून जाडी साधारणतः शंभर-सव्वाशे मायक्रॉन. वरचा पारदर्शक थर त्यातला सुमारे चाळीस ते पन्नास. माणसाच्या केसाची जाडी सुमारे सत्तर मायक्रॉन असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हे कवच किती पातळ आहे ते कळेल. उन्हातील जंबुपार किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. तो पातळ केला, तर आज आरसा मिळेल. पण काही वर्षांनी रंग विटावयास आणि थर सोलावयास लागेल. बेंगळूरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा शीतल वाटली, तरी ऊन सौम्य आहे असे समजण्याचे कारण नाही.

घासलेला थर परत का येत नाही, हे त्याच परिसरातील एका जुन्या कारागिरीवरून चांगले समजते. बेंगळूरूहून म्हैसूरकडे जाताना बिडदी लागते. तेथे टोयोटा-किर्लोस्करांचा मोटारींचा कारखाना आहे. त्याच रस्त्याने पुढे गेले की लाकडी खेळण्यांचे चन्नपट्टण येते. सावंतवाडीच्या खेळण्यांशी परिचित असलेल्या श्रोत्यांना ते परके वाटणार नाही. तेथील कारागीर चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने दाबून तो तिला चकाकी आणतो. लाख तापली की पुन्हा मऊ होते, म्हणून कमी-अधिक झालेली जागा सारखी करता येते. मोटारीचा पारदर्शक थर भट्टीत एकदा पक्का झाला, की पुन्हा वितळत नाही. त्याला सरळ करण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे कमी करणे.

म्हणून त्या गृहस्थाने प्रथम हाती घ्यावयाचे ते वॉटर पेपर नव्हे, जाडीमापक यंत्र. पोलादी पत्र्यावर चुंबकीय तत्त्वाचे यंत्र चालते. ॲल्युमिनियमला वेगळ्या प्रकारचे लागते. बेंगळूरूच्या सॅन मोटर्सने १९९८ च्या सुमारास ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची गाडी काढली. तिचा देह काचतंतूचा होता. अशा गाडीवर ही दोन्ही यंत्रे निरुपयोगी. तेथे श्रवणातीत ध्वनिलहरींचे यंत्र हवे. त्याच शहरात २००१ साली आलेल्या ‘रेवा’ या विजेच्या मोटारीने तर प्रश्नच निराळा केला होता. तिच्या प्लॅस्टिकच्या देहातच रंग मिसळलेला असे.

मोजमाप झाल्यावर तक्रारीचा विचार. साल सर्वत्र सारखी व बेताची असेल, तर ती कारखान्याच्या मर्यादेत धरली जाते. परंतु एकच दार उरलेल्या गाडीहून स्पष्टपणे वेगळे असेल, ओघळ असतील किंवा जाडी भलतीच असेल, तर छायाचित्रांसह विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी; आणि तिचा निकाल लागेपर्यंत रंगाला हात लावू नये. स्वतः घासलेल्या दारावर हमीचा हक्क सांगणे अवघड जाते. घासावयाचेच ठरले, तर जाणत्या माणसाकडून, वारंवार मोजून, आणि जेथे रंग मुळातच पातळ असतो त्या कडा चिकटपट्टीने झाकून घासावे. साल पुरती नाहीशी करण्याचा हट्ट धरू नये. ती निम्मी झाली तरी डोळा निवतो.

बहुतेक गाड्यांना एवढेही करावे लागत नाही. कूपनलिकेचे जड पाणी अंगावर वाळू न देणे, पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी धुणे, आणि गाडी सावलीत उभी करणे, एवढ्याने रंगाचे आयुष्य पुष्कळ वाढते. तो गृहस्थ पुन्हा तळघरात उतरेल, तेव्हा दारावरचे प्रतिबिंब थोडे थरथरतच असेल. परंतु ती थरथर म्हणजे शाबूत राहिलेले कवच आहे, हे आता त्याला ठाऊक असेल. आणि मग हातातील फडके झटकून, दार उघडून तो गाडी बाहेर काढील. स्पोर्ट्स कार शेवटी रस्त्यासाठीच घेतलेली असते.