काय गाळावे, काय राखावे



‘जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चित्रांतून संकेत-संस्करण कसे शिकवावे’ हे माझ्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचूनच काहींची नाडी जलद झाली असेल! त्यांनी धीर धरावा. मी आज नाडीबद्दलच बोलणार आहे.

हृदय आकुंचन पावते तेव्हा त्वचेवर सुमारे १ मिलिव्होल्ट इतका क्षीण विद्युत्दाब उमटतो. म्हणजे टॉर्चमधल्या सेलच्या दीडहजाराव्या हिश्शाएवढा! लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो नोंदवून दाखवला आणि १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज हीच रेषा संगणकात आकड्यांच्या रूपाने शिरते. सेकंदाला २०० वेळा मोजले, तर २०० आकडे. पण त्यांच्यासोबत न बोलावलेले पाहुणेही येतात. घरातल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण, स्नायूंची थरथर आणि श्वासागणिक डोलणारी पायरेषा. हे पाहुणे ओळखून वेगळे काढणे, याचे नाव संकेत-संस्करण.

पूर्वी आम्ही आधी प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवीत असू. सत्र अर्धविराम शोधण्यात संपे आणि हृदयापर्यंत पोचायचे राहून जाई. १९८६ साली लॅबव्ह्यू नावाची प्रणाली आली. तिच्यात प्रोग्रॅम लिहायचा नसतो, काढायचा असतो. एक चौकोन मोजतो, दुसरा गाळतो, तिसरा आलेख दाखवतो. मध्ये तारा जोडायच्या. चौकोनाला लागणारी सारी माहिती पोचली की तो काम करतो. शेतकऱ्याच्या मुलाला हे सांगावे लागत नाही. पाटाला पाणी आल्याशिवाय वाफा भिजत नाही, हे तो जन्मापासून पाहतो.

माझे काही सहकारी म्हणत, “सर, ही तर बालवाडी झाली!” मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो. पण त्यांच्या म्हणण्यात अर्धे सत्य होते, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवले.

मी वर्गाला हृदयविकाराचा झटका आलेल्या एका रुग्णाची नोंद दिली होती. पायरेषा फार डोलत होती. या मुलाने गाळणीचा चौकोन उचलला, ५ हर्ट्झच्या खालचे सारे काढून टाकले आणि रेषा अशी सुबक आणली की मी त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी एक डॉक्टर मित्र वर्गात आले होते. रेषा पाहून ते म्हणाले, “छान आहे. याला घरी पाठवायला हरकत नाही.” मग मी मूळ नोंद पडद्यावर आणली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. ठोक्यानंतरचा जो भाग वर उचललेला असणे हीच झटक्याची खूण, तोच भाग आमच्या गाळणीने सपाट करून टाकला होता!

चूक मुलाची नव्हती, माझी होती. मी त्याला गाळायला शिकवले. कशासाठी गाळायचे, हे विचारायला शिकवले नाही. गंमत अशी, की तीच गाळणी दुसऱ्या कामाला योग्य असते. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली ठोके मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात साधारण ५ ते १५ हर्ट्झचाच पट्टा राखतात. ठोके मोजायचे तर तो उत्तम. रेषेचा आकार वाचायचा तर मात्र ०.०५ हर्ट्झपर्यंतचे संथ हेलकावेही जपावे लागतात. गाळणी चांगली की वाईट, हे आपण विचारलेल्या प्रश्नावर ठरते.

तेव्हापासून मी दोन नियम केले. पहिला : चौकोन वापरण्याआधी तो एकदा कागदावर चालवायचा. सेकंदाला २०० आकडे असतील, तर ५० हर्ट्झच्या एका लाटेत चार आकडे येतात : १, ०, उणे १, ०. चारांची सरासरी घ्या, शून्य! गुणगुण गेली. मुलांचे डोळे तिथे चमकतात. मग मी विचारतो, “ठोक्याच्या टोकदार शिखराचे काय झाले?” तेही थोडे बोथट झालेले असते. फुकट काही मिळत नाही, हे तेव्हा उमगते.

दुसरा नियम : पडद्यावर गाळलेली रेषा एकटी दाखवायची नाही. शेजारी मूळ रेषा हवी, आणि दोहोंमधला फरकही हवा. जे टाकले त्यात रुग्णाचे काही गेले का, हे पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मी मानत नाही.

चित्रांनी शिकवणे सोपे झाले, याचा मला आनंद आहे. दार सोपे असावे. पण आत गेल्यावर जबाबदारी सोपी होत नाही. उद्या आपल्यापैकी कुणाच्या छातीवर त्या पट्ट्या लावल्या जातील, तेव्हा यंत्रातली गाळणी माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याने जोडलेली असेल. तिने काय गाळले आणि काय राखले, हे त्याला ठाऊक असावे, एवढ्यासाठीच माझी ही सारी खटपट.