मृत्यूच्या कागदावर न येणारं कारण
(परभणी जिल्ह्यातील कार्यकर्त्या शिबिरात केलेलं भाषण)


बाळंतपणात बाई दगावली की कागदावर ‘रक्तस्राव’ लिहितात. त्यामागची जात कुणी लिहीत नाही. अमेरिकेत वंशवार नोंद होते, म्हणून कळलं, की २०२१ मध्ये लाख जन्मांमागे सुमारे ७० काळ्या माता गेल्या, गोऱ्या २७.

आपल्याकडे दिवाळीनंतर गंगाखेड, पालमकडच्या तांड्यांतून, दलित वस्त्यांतून बायका ऊसतोडीला जातात. सातव्या महिन्यातही डोक्यावर मोळी. तपासणीचं कार्ड, लोहाच्या गोळ्या, आशाताई सारं गावी राहतं. एका दवाखान्यात कळा सोसणाऱ्या तोडणीवालीला “तुम्हा लोकांना सवय असते” म्हणत बाहेर बाकावर बसवलेलं मी पाहिलं आहे.

२००५ च्या जननी सुरक्षा योजनेत दलित, आदिवासी आणि दारिद्र्यरेषेखालच्या स्त्रियांना पैसे मिळतात. तांड्यावरची बंजारा बाई महाराष्ट्रात विमुक्त जातीत मोडते. दारिद्र्यरेषेचं कार्ड नसेल तर तीही सुटली. आणि पैसे दारापर्यंत नेतात. आत तिला हात कधी लावतात?

म्हणून मातामृत्यूचे आकडे जातवार जाहीर करा, ही मागणी लावून धरू. तोवर मंडळाच्या वहीत आपणच लिहू या: ती किती वाजता पोचली, किती वाजता तपासली, काय ऐकवलं.