कारखान्याचा जमाखर्च आणि पर्यावरण
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात उद्योजकांच्या बैठकीत झालेले भाषण)



पर्यावरणाचा विषय निघाला म्हणजे प्रारंभी वृक्षवेलींचे गुणगान करण्याचा प्रघात आहे. तो आम्ही आज मोडणार आहोत. येथे बसलेल्यांपैकी कित्येकांचे लहानमोठे कारखाने आहेत. कित्येकजण दुसऱ्यांच्या कारखान्यांत व कचेऱ्यांत नोकरी करतात. या दोघांनाही उद्या कामावर गेल्यावर काय करता येईल, एवढेच सांगण्याचा आमचा मानस आहे. ५ जूनला प्रवेशद्वारापाशी रोप लावून छायाचित्र काढविण्यास आमची हरकत नाही. परंतु त्याच आवाराच्या मागील बाजूस तेलाने भिजलेल्या चिंध्या जाळल्या जात असतील, तर त्या रोपाने कोणाचे समाधान व्हावे?

या कामाचे दोन भाग आहेत. काही गोष्टी अशा की, त्या केल्याने पैसाही वाचतो. काही अशा की, त्यांना पैसा पडतो आणि परत काहीच येत नाही. पहिल्या भागावरच बहुतेकजण थांबतात, हे आमचे आजचे गाऱ्हाणे आहे.

प्रथम लाभाची गोष्ट घेऊ. ज्यांच्याकडे हवेचा कॉम्प्रेसर आहे, त्यांनी साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी सर्व यंत्रे बंद झाल्यावर तो एकटाच चालू ठेवून, हाती घड्याळ घेऊन उभे राहावे. कोणीही हवा वापरीत नसताना त्याने टाकी भरून स्वस्थ बसावयास हवे. तो पुनःपुन्हा भार घेऊ लागला, तर ती सारी हवा गळतीची होय. दोन मिनिटे भार आणि सहा मिनिटे विश्रांती असे चक्र आढळले, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा चौथा हिस्सा सैल सांध्यांतून आणि चिरलेल्या नळ्यांतून निघून जात आहे, असा त्याचा अर्थ. साबणाचे पाणी लावले की बुडबुडे स्वतःच जागा दाखवितात. शिवाय गरज नसता चढवून ठेवलेला दाब एका बारने उतरविला, तरी त्या यंत्राची सुमारे सहा-सात टक्के वीज वाचते. यासाठी कोणा तज्ज्ञाला बोलवावे लागत नाही. कोणती नळी फुसफुसते ते तेथे रोज उभ्या राहणाऱ्या कामगाराला आधीच ठाऊक असते. त्याला कोणी विचारलेले नसते, इतकेच.

पंख्यांचेही तसेच. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो; नव्या बीएलडीसी मोटारीचा पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो. रोज दहा तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे १३५ युनिटे व पन्नास पंख्यांमागे ६,७५० युनिटे वाचतात. आपल्या देशात एका युनिटामागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत जातो. म्हणजे साडेचार टनांहून अधिक भार केवळ पंख्यांपुरता उतरला. मात्र येथे मालकवर्गाला एक स्पष्ट सांगणे आहे. मालकाच्या दालनातील वातानुकूलन १८ अंशांवर ठेवून कारखान्यातील पंखे बंद करावयाचे, याला काटकसर म्हणत नाहीत. १८ चे २४ अंश आधी तेथे व्हावेत; अंशागणिक सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा-कार्यक्षमता ब्यूरोचे सांगणे आहे.

कचेरीतील कागदाविषयी फार बोलत नाही. ८० ग्रॅमी कागदाचे एक रीम अडीच किलोचे भरते. दोन्ही बाजूंनी छापले की निम्मे वाचले. (आमचे हे भाषणही स्मरणिकेत छापले जाणार असल्याचे चिटणीस सांगतात. ते पाठपोट छापावे, अशी विनंती आहे.)

अमेरिकेतील थ्री-एम या कंपनीने १९७५ साली 'प्रदूषण टाळणे फायद्याचे असते' अशा अर्थाची एक योजना सुरू केली. धुराड्यावर आणि गटाराच्या तोंडाशी उपाय करण्याऐवजी घाण मुळातच निर्माण होऊ नये, यासाठी कच्चा माल बदलावा, कृती बदलावी, यंत्राची रचना बदलावी, उरलेले पुन्हा वापरावे, अशी तिची रीत होती. आणि सूचना येत त्या कंपनीच्याच नोकरवर्गाकडून. जगभर तिचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु हीच कंपनी कित्येक दशके पीएफएएस नावाची रसायने बनवीत होती. पाणी व तेल न चिकटणारे लेप, आग विझविण्याचा फेस यांसाठी ती वापरली जात. ती निसर्गात जवळजवळ विघटन पावत नाहीत. पिण्याच्या पाण्यात आणि माणसांच्या रक्तातही ती सापडली. डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीने २०२५ अखेर हे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आणि २०२३ साली, दोष मान्य न करता, अमेरिकेतील सार्वजनिक पाणीपुरवठा संस्थांना सुमारे १,०३० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचा तोडगा पत्करला. फायद्याच्या हिशेबात जे बसले ते सुधारले. जे बसले नाही ते वाहत राहिले, असा आम्ही याचा अर्थ लावतो.

आपल्याकडे तो न बसणारा भाग कोणता? वापरलेले यंत्रतेल, तेलकट चिंध्या, मुलामा देण्याच्या हौदांच्या तळाशी बसणारा गाळ. २०१६ च्या नियमांनुसार हा घातक कचरा आहे आणि तो अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे. अशी केंद्रे तळोजे व रांजणगाव येथे आहेत. त्यांना दर द्यावा लागतो, वाहतूक द्यावी लागते, कागदपत्रे ठेवावी लागतात. नाल्यात ओतण्यास मात्र काही पडत नाही. मोह नेमका तेथे आहे. त्या नाल्याचे पाणी पुढे ज्या विहिरींत झिरपते, त्या विहिरी कोणाच्या तरी पिण्याच्या असतात, आणि त्या 'कोणाच्या तरी'मध्ये आपलेही आप्त निघतील. जुन्या संगणकांचेही असेच: भंगारवाल्याने दोन पैसे अधिक दिले, तरी पुढे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात. ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्यावेत.

लहान कारखानदाराची अडचण आम्ही जाणतो. वर्षाला दोन पिंपे कचरा निघणाऱ्यासाठी स्वतंत्र गाडी बोलावणे खरोखरच परवडत नाही. यासाठी एक सूचना आहे. एकाच औद्योगिक वसाहतीत आपले पाच-सात कारखाने असतील, तर प्रत्येकाने आपापले केंद्राचे सभासदत्व व कागदपत्रे पुरी करावीत आणि केंद्राच्या अधिकृत वाहनाची फेरी सर्वांनी मिळून एकाच दिवशी ठरवावी. हे काम संस्थेच्या कार्यालयाने अंगावर घेतल्यास खर्चाचा बोजा पुष्कळ हलका होईल. कार्यकारिणीने यास संमती दिल्यास कारखान्याचे ठिकाण, कचऱ्याचा प्रकार आणि वर्षाकाठी निघणारी पिंपे एवढी माहिती इच्छुकांनी चिटणिसांकडे द्यावी. वहीत पहिले नाव लिहिण्यास आम्ही सिद्ध आहोत.