पास क्लासची पदवी



आम्ही स्वतः मॅट्रिक. पदवीधरांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार तो काय! तथापि स्वतःची एक चूक सांगणे अवश्य वाटते. २०२२ साली आमचा पुतण्या बी. ए. पास क्लासात उत्तीर्ण झाला. गुण ४७ टक्के. 'बी. एड. कर, मास्तर हो,' हाच आमचा एकसारखा धोशा. खुल्या वर्गास तेथे पदवीत किंवा एम. ए. ला ५० टक्के लागतात, हे जन्मभर शाळेत घालवूनही आम्ही पाहिले नव्हते. वर्ष फुकट गेले. मुलगा घरात बोलेनासा झाला. वस्तुतः संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेस पदवी पुरते, श्रेणी कोणी विचारीत नाही. तीन वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास ४५ टक्के चालतात. पुढील वर्षी त्याने तेथेच नाव घातले. आमच्याशी मात्र तो अद्याप मोजकेच बोलतो.